स्पार्करच्या उलटसुलट लाइन जुळत नाहीत: नॅव्हिगेशनच्या नोंदीत काय तपासायचं?

भूस्तर_नागपूर

रत्नागिरीसमोरच्या उथळ समुद्रातल्या स्पार्कर (विजेच्या ठिणगीने पाण्यात आवाज करून तळाखालचे थर दाखवणारं यंत्र) सर्वेक्षणाचा डेटा इथे नागपुरात प्रोसेस करून राहिलो. बोट २८ मीटरची. वेग बहुतेक लाइनवर ४ नॉट, शॉट दर सेकंदाला. जीपीएसची नोंद एका लॅपटॉपवर आणि स्पार्करचा सेग-वाय (भूकंपीय नोंदींच्या फाइलचा प्रकार) डेटा वेगळ्या रेकॉर्डरवर आहे. दोघांना जोडणारा दुवा फक्त वेळ. अँटेना व्हीलहाउसच्या छतावर, बोटीच्या मागच्या कडेपासून ९ मीटर पुढे. स्पार्कर मागच्या कडेपासून २० मीटर मागे, हायड्रोफोनच्या (परतलेला आवाज टिपणाऱ्या केबलच्या) कामाच्या भागाचा मध्य २६ मीटर मागे. जायरो (बोटीच्या तोंडाची दिशा सांगणारं होकायंत्र) नाही.

अडचणी अशा:

१) एकाच लाइनवर जाताना आणि येताना गाडलेल्या खडकाची कड वेगवेगळ्या जागी दिसते. फरक सुमारे ८५ मीटर. कड प्रत्येक वेळी बोट जात होती त्या दिशेला पुढे सरकलेली.

२) एका दिवसाचा ट्रॅक समुद्रात न पडता थेट तेलंगणात, नलगोंड्याच्या आसपास पडतो.

३) रात्रभर चाललेल्या लाइनच्या फाइलमध्ये एका जागी वेळ एकदम २४ तास मागे जाते.

पुढच्या हंगामात बोटीवरची नोंद माझ्याकडे येणार आहे. डेटा दुरुस्त कसा करायचा आणि पुढे काय काय लिहून ठेवायचं, दोन्ही सांगा.

खोलमापी

भाऊ, सोप्यापासून सुरू करतो.

नलगोंडा म्हणजे झोनची गडबड. यूटीएममध्ये (६-६ अंशांचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) रत्नागिरीचा समुद्र झोन ४३ मध्ये येतो, मध्यरेखांश ७५ अंश. नागपूर ७९ अंशांवर म्हणून झोन ४४ मध्ये, मध्यरेखांश ८१. तुमच्या क्यूजीआयएस (नकाशाचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्टमध्ये ३२६४४, म्हणजे झोन ४४ चा कोड, आधीपासून लावलेलं असेल आणि त्या दिवसाची फाइल अंश-मिनिटांऐवजी थेट ईस्टिंग-नॉर्दिंगमध्ये (पूर्व-उत्तर मीटरमध्ये) असेल, तर ७३.२ अंशावरचा बिंदू बरोबर ६ अंश पूर्वेला, ७९.२ वर जाऊन बसतो. फाइलला ३२६४३ (झोन ४३) द्या, जागेवर येईल. पुढेमागे ७२ अंशांच्या पश्चिमेला काम निघालं तर तिथे झोन ४२ लागतो. एका सर्वेक्षणात दोन झोन मिसळू नका. एकच ठरवा आणि लॉगच्या पहिल्या पानावर लिहा.

२४ तासांची उडी जीजीएमुळे, म्हणजे जीपीएस ज्या ओळीत स्थान पाठवतो तिच्यामुळे. त्या ओळीत वेळ असते, तारीख नसते. यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची ५:३०, आणि रात्रपाळीची लाइन नेमकी तेव्हा चालू असते. जीजीएसोबत झेडडीएची (वेळ-तारखेची) ओळ घेतली की तारीख मिळते. आता हातात असलेल्या फाइलमध्ये ५:३० नंतरच्या नोंदींना एक दिवस वाढवून द्या.

आता ८५ मीटर. तुम्ही अँटेनाचीच जागा शॉटला दिलेली दिसते. स्पार्कर आणि हायड्रोफोन यांचा मध्य मागच्या कडेच्या २३ मीटर मागे येतो, त्यात अँटेनाचे ९ मिळवा. म्हणजे ज्या बिंदूची नोंद झाली तो अँटेनाच्या ३२ मीटर मागे. जाताना ३२ आणि येताना ३२, मिळून ६४. उरले २१.

हे २१ मीटर दोन कारणांनी येऊ शकतात. दोरी सोडल्याची लांबी साडेदहा मीटरने चुकीची लिहिली असेल, किंवा दोन यंत्रांच्या घड्याळांत फरक असेल. ४ नॉट म्हणजे सेकंदाला २.०६ मीटर, तेव्हा २१ भागिले ४.१२, म्हणजे साधारण ५ सेकंद. एकाच वेगाच्या उलटसुलट लाइन कितीही घेतल्या तरी ही दोन कारणं वेगळी होत नाहीत. वेगळ्या वेगाची जोडी लागते. लांबीची चूक असेल तर फरक वेगाने बदलत नाही. वेळेची असेल तर वेगासोबत कमी-जास्त होतो. हळू चाललेली एखादी जोडी आहे का तुमच्याकडे?

किनारपट्टी

एवढा खटाटोप कशाला? ८५ चं अर्धं करा, प्रत्येक लाइन साडेबेचाळीस मीटर मागे सरकवा. नकाशा जुळतो.

खोलमापी

तसं करू नका, दादा. त्या एका जागी, त्या एका वेगाला जुळेल. वेग बदलला की परत सुटेल. घड्याळ रोज सरकत असेल तर चौथ्या दिवसाची लाइन पहिल्या दिवसाच्या आकड्याने दुरुस्त होत नाही. कारण कळल्याशिवाय सरकवलेली लाइन पुढच्या माणसाला खरी वाटते, आणि मूळ चूक कायमची झाकली जाते.

भूस्तर_नागपूर

हळू लाइन सापडल्या. मासेमारीची जाळी होती म्हणून दोन जोड्या ३ नॉटने चालवल्याची नोंद आहे. त्याच कडेवर फरक ७९ आणि ८० मीटर आला. सगळं एकाच दिवसाचं आहे.

खोलमापी

मग वेळच आहे. ६४ वजा केले की उरतात १५-१६ मीटर. ३ नॉट म्हणजे सेकंदाला १.५४, जाऊन-येऊन ३.०९, भागाकार परत ५ सेकंदांवर येतो. लांबी चुकली असती तर ३ नॉटलाही ८५ च दिसले असते. कड बोटीच्या दिशेला पुढे सरकते, म्हणजे रेकॉर्डरचं घड्याळ ५ सेकंद पुढे धावत होतं. त्या दिवसाच्या सेग-वायच्या वेळेतून ५ सेकंद वजा करा, मग जागा शोधा.

पण हा आकडा त्या दिवसापुरता. संगणकाचं घड्याळ कोणी लावलं नाही तर दिवसाला एक-दोन सेकंद सहज सरकतं. प्रत्येक दिवसाची निदान एक उलटसुलट जोडी किंवा दोन लाइनचं छेदन घेऊन वेगळा आकडा काढा. तीन-चार वेगवेगळ्या खुणांवर मोजा, कारण स्पार्करच्या चित्रात कड नेमकी टिपताना दोन-चार मीटर इकडेतिकडे होतातच.

जीपीएसच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीसमोर लॅपटॉपने आपली वेळही टाकली असेल. ती वापरू नका. जीजीएच्या आतली वेळच घ्या. ती स्थान मोजल्या क्षणाची असते, लॅपटॉपची वेळ ओळ येऊन पोचल्याची. आणि जीपीएसचा स्वतःचा काळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे, २०१७ पासून. जीजीएत यूटीसी येतो, पण काही रिसीव्हरच्या बायनरी फाइलमध्ये जीपीएस काळ असतो. फरक नेमका १८ सेकंद निघाला तर तिकडे बघा.

तळशोध

वेळ सुटली की दिशेकडे या, इथेही बरंच काही हातातून निसटतं.

३२ मीटर मागे म्हणजे कोणत्या दिशेने मागे? पहिले ९ मीटर बोटीच्या लाकडा-लोखंडाचे, ते बोटीच्या तोंडाच्या दिशेने फिरतात. पुढचे २३ मीटर दोरीचे, आणि दोरी पाण्याच्या मानाने बोट जिकडे चालते त्याच्या मागे ओढली जाते, जीपीएसवर दिसणाऱ्या वाटेवर नेमकी येतेच असं नाही. आडवा प्रवाह असला की बोट तोंड तिरकं ठेवून चालते. तोंड आणि वाट यांत ८ अंशांचा फरक पडला तर २३ मीटरवर ३ मीटरची चूक होते. तुमच्याकडे जायरो नाही, म्हणून सगळं वाटेच्या दिशेनेच करावं लागेल. ९ मीटरवर नुकसान मीटरभराचं, दोरीवर त्या ३ मीटरचं.

वाटेची दिशा मात्र एका सेकंदाच्या दोन बिंदूंवरून काढू नका. सेकंदाला २ मीटर चाल आणि त्यात १ मीटरचा आडवा गोंधळ असला तर दिशा २६ अंशांनी हलते. २० ते ३० सेकंदांची सरासरी दिशा घ्या. वळणावर ही सरासरी खोटी पडते, म्हणून लाइन संपल्याची वेळ लिहिलेली हवी आणि वळण प्रोसेसिंगमधून कापायला हवं.

यूटीएमच्या जाळीची उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा एक नाहीत. रत्नागिरीसमोर ७३.२ रेखांशावर दोघांत अर्ध्या अंशाचा फरक आहे. तुमच्या ३२ मीटरला तो नगण्य. पण मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) २०० मीटर मागे असेल आणि दिशा जायरोची असेल तर जवळजवळ २ मीटर जातात.

उड्या मारणारे बिंदू काढायची सोपी चाळणी: लागोपाठच्या दोन बिंदूंमधला वेग काढा, ४ नॉटच्या बोटीला ८-१० नॉट दिसला की बिंदू बाद. जीजीएतला दर्जाचा आकडाही बघा. ० म्हणजे स्थानच नाही, १ साधं जीपीएस, २ म्हणजे सुधारणा मिळालेली, मग ती गगनची (भारताच्या उपग्रह यंत्रणेची) असो वा किनाऱ्यावरच्या बीकनची. लाइनच्या मधेच २ चा १ झाला तर ट्रॅकला पायरी पडते. त्या जागी गुळगुळीत करण्याचा मोह होतो. पण दुरुस्ती नेहमी फाइलच्या प्रतीवर करायची, कच्ची फाइल जशी आली तशीच ठेवायची.

चुंबक_सर्वे

पुढच्या हंगामात मॅग्नेटोमीटर लागणार असेल तर थोडं. सेन्सर बोटीच्या लांबीच्या किमान तिप्पट मागे ठेवतात, म्हणजे २८ मीटरच्या बोटीला ८५ मीटरच्या वर. नाहीतर बोटीचं लोखंडच डेटात येतं. एवढ्या लांबीला केबल किती सोडली हेच नॅव्हिगेशन असतं. केबलवर दर १० मीटरला रंगीत टेपची खूण करा आणि सोडताना-ओढताना प्रत्येक वेळी वेळेसह लिहा. सेन्सरची खोली माहीत असेल तर केबलच्या वर्गातून खोलीचा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्या. १२० मीटर केबल आणि १५ मीटर खोलीला ११९ येतात. प्रत्यक्षात केबलला झोळ असतो, अंतर याहून थोडं कमी भरतं.

गुरुत्वमापन असेल तर जागेपेक्षा वेगाची चूक जास्त भोवते. पूर्व-पश्चिम वेग ०.१ नॉटने चुकला तर १७ अक्षांशावर इयोत्व्होसच्या दुरुस्तीत (बोट चालती असल्याने गुरुत्वात दिसणाऱ्या फरकाच्या) ०.७ मिलिगॅलचा फरक पडतो. तिथे सेकंदाची नोंद चांगली, मिनिटाची नाही.

बर्डीकर

नोंदीची यंत्रणा समुद्रावर पहिल्यांदा चालू करू नका, ताई-दादा जे कोणी असाल. नागपुरात गच्चीवर २४ तास चालवून बघा. पहाटेचे साडेपाच त्यात आलेच पाहिजेत, म्हणजे तारीख कशी बदलते ते दिसेल. सेकंदाला एक नोंद धरली तर ८६,४०० जीजीए यायला हव्यात, फाइल ६-७ एमबीची. ओळी कमी भरल्या तर लॅपटॉपची झोप, यूएसबी पोर्टची वीजबचत किंवा यूएसबी-सिरियल केबल, या क्रमाने बघा. बर्डीच्या बाजारात स्वस्तातली केबल मिळते, दोन घ्या आणि दोन्ही गच्चीवर तपासा.

पोर्टचा वेग पाहा. जुनी सवय सेकंदाला ४८०० बिटची. त्यात सेकंदाला ४८० अक्षरं जातात. जीजीए, झेडडीए, व्हीटीजी (वाट आणि वेग), एचडीटी (तोंडाची दिशा) मिळून १८० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला एकदा पाठवलं तर ०.३७ सेकंद लागतात आणि सगळं बसतं. कोणी हौसेने सेकंदाला १० वेळा लावलं की ओळी तुंबतात, उशीर वाढतो, काही तुटतात. ३८४०० ठेवा. तुटलेली ओळ शेवटच्या चेकसमवरून (अक्षरं पडताळायच्या आकड्यावरून) ओळखा आणि टाकून द्या, दुरुस्त करू नका.

आकड्यांची जातही तपासा. जीजीएत १६५७.३२१० म्हणजे १६ अंश ५७.३२१० मिनिटं, दशांशात १६.९५५३५. ते १६.५७३२१० असं वाचलं तर बिंदू ४२ किलोमीटर दक्षिणेला जातो. मिनिटाला दशांशानंतर ४ स्थळं हवीत, ती १८ सेंटिमीटरपर्यंत जातात. २ च ठेवली तर १८ मीटरच्या पायऱ्या पडतील.

फुटाळ्याच्या किंवा गोरेवाड्याच्या तलावावर बोटीची रीतसर परवानगी मिळाली तर दोन वेगांची उलटसुलट चाचणी तिथेच करून घ्या. एखादी ठळक खूण आणि इको-साउंडर (आवाजाने खोली मोजणारं यंत्र) पुरतो.

भूस्तर_नागपूर

सगळ्यांचे आभार. ५ सेकंद आणि ३२ मीटर लावून त्या दिवसाची कड ३ मीटरच्या आत जुळली. नलगोंड्याचा ट्रॅकही जागेवर. आता बोटीवरच्या रजिस्टरमध्ये काय काय लिहू, तेवढं पक्कं सांगा.

खोलमापी

लाइन सुरू आणि बंद, यूटीसीत, सेकंदासकट. भारतीय वेळ लिहायचीच असेल तर वेगळ्या रकान्यात. लाइन क्रमांक, दिशा, वेग, पहिला आणि शेवटचा शॉट क्रमांक, सेग-वाय आणि जीपीएस फाइलचं नाव. केबल किती सोडली, उजवीकडून की डावीकडून. अँटेना, स्पार्कर, हायड्रोफोन यांची अंतरं फक्त सर्वेक्षणाच्या सुरुवातीला नाही, कोणी दोरी हलवली की दर वेळी, फितीने मोजून. बोटीचं एक रेखाचित्र काढा आणि शून्य बिंदू कुठे धरला ते त्यावर दाखवा.

दिवसातून दोनदा, पाळी बदलताना, रेकॉर्डरचा आणि जीपीएसचा पडदा एकाच फोटोत घ्या. दोन्ही घड्याळं दिसली पाहिजेत. हा फोटो असता तर ५ सेकंद शोधायला खडकाची कड लागली नसती. रेकॉर्डर जीपीएसच्या दर सेकंदाच्या पल्सवर लावता आला तर उत्तमच, तरी फोटो सोडू नका.

शेवटी जागा सेग-वायच्या हेडरमध्ये (प्रत्येक नोंदीआधीच्या माहितीच्या भागात) भरताना: स्पार्करची ७३ ते ८० बाइटमध्ये, हायड्रोफोनची ८१ ते ८८ मध्ये, दोघांचा मध्य १८१ ते १८८ मध्ये. तिथे पूर्णांकच बसतात, म्हणून ३०८४१२.३७ हे ३०८४१२३७ असं लिहा आणि ७१-७२ मध्ये उणे १०० टाका. एकक ८९-९० मध्ये १, म्हणजे लांबीचं. हे उणे १०० टाकायचं राहिलं तर दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लाइन शंभरपट दूर उघडते. भरून झाल्यावर दुसऱ्या मशीनवर उघडून पहिला आणि शेवटचा शॉट रजिस्टरशी ताडून घ्या.