गिरणीतून कमी केले, राजीनाम्यावर सही मागतात आणि पेरणी तोंडावर आहे: काय करावे?

प्रश्न: वेणाकाठचा फिटर (हिंगणघाट तालुका)

सर्वांना नमस्कार. मी आयटीआय फिटर असून गेली सात वर्षे चार महिने एका सूतगिरणीत रिंग फ्रेमच्या (सूत कातण्याच्या यंत्रांच्या) देखभालीचे काम करत होतो. मागच्या सोमवारी पहिली पाळी सुटल्यावर आमच्या खात्यातील अकरा जणांना कार्यालयात बोलावले आणि सुताला उठाव नसल्यामुळे माणसे कमी करायची आहेत, असे सांगून प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद दिला. त्यावर "मी घरगुती कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे" एवढेच वाक्य होते आणि खाली सहीसाठी रेघ आखलेली होती. सही केली तर हिशेब पंधरा दिवसांत आणि अनुभवाचा दाखला लगेच मिळेल, हे सगळे तोंडीच सांगितले. सहा जणांनी तिथेच सही केली. मी विचार करायला दोन दिवस मागून घेतले, त्याला आता आठ दिवस झाले आणि गेटवर माझे हजेरीचे कार्ड चालेनासे झाले आहे.

माझा एकूण पगार 16,000 रुपये होता, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 10,400. पीएफमध्ये साधारण एक लाख नव्वद हजार जमा आहेत. घरी चार एकर कोरडवाहू वावर आहे. साळ्याचे म्हणणे असे की पीएफ पूर्ण काढावा, बोअर मारावी आणि यंदा मन लावून पऱ्हाटी (कपाशी) करावी. पत्नीला सर्व माहीत आहे, पण बाबांना अजून सांगण्याचे धाडस झालेले नाही. गावात कोणाचीही नोकरी गेली की ते "वावर आहे ना" एवढेच म्हणतात, आणि त्या चार एकरांत आम्हा सहा माणसांचे वर्ष निघत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. आईची मधुमेहाची औषधे आजवर ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) कार्डावर मिळत होती, त्यांचे काय होईल याचीही काळजी आहे. सही करावी का, पीएफ काढावा का आणि नवीन काम शोधायला सुरुवात कुठून करावी, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर: कामगार खाते (नागपूर)

भाऊ, सर्वांत आधी सहीबद्दल सांगतो, कारण ती एकदा झाली की बाकीची बरीच दारे बंद होतात. त्या कागदावर सही करू नका. मी वीस वर्षे कामगारांचे अर्ज लिहून देत आलो आहे, आणि "स्वखुशीने" हा शब्द ज्याने सही करून मान्य केला त्याची बाजू नंतर उभी करणे किती कठीण जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आपण बोलताना काम थांबले की "ले-ऑफ" म्हणतो, पण कायद्यात ले-ऑफ आणि कपात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ले-ऑफ म्हणजे कच्चा माल, वीज किंवा यंत्राच्या अडचणीमुळे तात्पुरते काम न देणे. त्यात नोकरी संपत नाही आणि 50 किंवा अधिक कामगार असलेल्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला त्या दिवसांसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 50 टक्के भरपाई मिळते. तुम्हाला कायमचे कमी करायचे असेल तर ती कपात आहे. तिच्यासाठी एक महिन्याची लेखी, कारण देणारी नोटीस किंवा तितका पगार आणि पूर्ण केलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होते आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. तुमच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यावर धरली तर ही भरपाई सात वर्षांची साधारण 36,400 रुपये होते. शिवाय नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे, ज्यातून कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात आणखी 15 दिवसांचे वेतन 45 दिवसांत जमा व्हायचे असते. गिरणीत 300 किंवा अधिक कामगार असतील तर कपातीला सरकारची पूर्वपरवानगीही लागते.

ग्रॅच्युइटीचे मात्र वेगळे आहे. पाच वर्षे पूर्ण झाल्यामुळे ती राजीनामा दिला तरी मिळते, त्यामुळे "सही केली तर ग्रॅच्युइटी देऊ" असे कोणी म्हणाले तर ती मेहेरबानी समजू नका. 10,400 ला 26 ने भागले की 400, त्याची पंधरा दिवसांची रक्कम 6,000, आणि सात वर्षांचे 42,000 रुपये. हे गणित एका कागदावर लिहून खिशात ठेवा, म्हणजे हिशेबाच्या टेबलावर आकडा विसरणार नाही.

उद्याच साध्या कागदावर अर्ज लिहा की मी कामावर यायला तयार आहे, अमुक तारखेपासून मला गेटवर अडवले जात आहे, माझ्याबाबतचा आदेश लेखी द्यावा. आवक शिक्का मारून देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. त्याची एक प्रत जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार विभागाच्या कार्यालयात द्या. पगारपत्रके, हजेरी कार्ड आणि नेमणूकपत्र यांच्या प्रती आजच काढून ठेवा.

आईच्या औषधांविषयी इतके घाबरू नका. ऑक्टोबर ते मार्च या काळात किमान 78 दिवसांचे अंशदान भरलेले असेल, तर त्याचा लाभकाळ जुलै ते डिसेंबर असतो आणि नोकरी सुटली तरी त्या काळात उपचार चालू राहतात. ईएसआयच्या शाखेत गेलात की अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेविषयीही विचारा. तिच्यात बेरोजगार झालेल्या विमाधारकाला आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त 90 दिवस, सरासरी दैनिक कमाईच्या 50 टक्के रक्कम मिळते. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून ती सध्या चालू असल्याची खात्री तिथेच करून घ्यावी. स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही, आणि हेही त्या कागदावर सही न करण्याचे एक कारण आहे.

उत्तर: दारव्ह्याची सून (यवतमाळ जिल्हा)

दादा, बोअरबद्दल मी स्वतः भोगलेले सांगते. 2021 साली माझ्या यजमानांना पुण्यातील कंपनीने कमी केले तेव्हा आम्हीही हाच विचार केला होता. पीएफ आणि हिशेबाची सगळी रक्कम घेऊन गावी आलो आणि धुऱ्याजवळ (बांधाजवळ) बोअर मारली. तिनशे फुटांपर्यंत फक्त पांढरी भुकटी उडत राहिली. गाडीवाल्याने अजून शंभर फूट जाऊ या म्हटले आणि आम्ही हो म्हटले, कारण तोवर इतके पैसे जमिनीत गेले होते की थांबण्याची हिंमत झाली नाही. पाणी लागलेच नाही. पुढची दीड वर्षे यजमान कामासाठी मुलाखतीला गेले तेव्हा बसचे भाडेसुद्धा माझ्या शिवणकामातून निघायचे. शेती करू नका असे मी म्हणत नाही, आम्ही आजही करतो. पण नोकरी शोधण्याच्या काळात हातात रोख असावी लागते, आणि जमिनीत घातलेली रोख हवी तेव्हा परत काढता येत नाही.

पेरणीसाठी बँकेचे किंवा सोसायटीचे पीककर्ज घ्या. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर ते शून्य टक्क्याने पडते. सातबारा बाबांच्या नावावर असेल तर अर्ज त्यांनाच करावा लागेल, म्हणजे त्यांना सांगणे तसेही टळणार नाही.

आणि त्यांना सांगाच. आमच्या घरी सासऱ्यांना ही गोष्ट बाहेरून, पानठेल्यावर कळली. नोकरी गेल्याचे त्यांना इतके लागले नाही, जितके आपल्याला शेवटी कळले याचे लागले. ते दोन दिवस जेवले नाहीत. तुमच्या बाबांचे "वावर आहे ना" हे वाक्य कदाचित तुम्हाला अडवण्यासाठी नसेल, धीर देण्यासाठी त्यांच्याजवळ तेवढेच शब्द असतील. वहिनींना सोबत घेऊन बसा, आणि शक्य झाले तर सकाळी बोला. रात्री सांगितले तर घरात कोणालाच झोप लागत नाही.

उत्तर: निदेशक, फिटर ट्रेड (अमरावती)

माझ्या हाताखालून शिकून गेलेली अनेक मुले गिरण्यांत आहेत, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाबद्दल लिहितो. अर्जावर नुसते "फिटर, 7 वर्षे अनुभव" असे लिहू नका, कारण तसे शंभर अर्ज रोज येतात. तुम्ही काय करत होता ते लिहा: किती रिंग फ्रेम तुमच्याकडे होत्या, एका फ्रेमला किती स्पिंडल, स्पिंडल टेप आणि ट्रॅव्हलर किती दिवसांनी बदलत होता, टॉप रोलरचे बफिंग स्वतः केले का, काउंट (सुताचा नंबर) बदलताना ड्राफ्टिंगचे गेअर तुम्ही बसवत होता की जॉबर (खात्याचा मुकादम). मेंटेनन्सचा माणूस हे वाचून पाच मिनिटांत ओळखतो की हा हात काळे केलेला कामगार आहे.

जागेच्या दृष्टीने, तुम्हाला जांबमार्गे बुटीबोरी औद्योगिक वसाहत जवळ पडेल आणि तिथे कापड उद्योगाबरोबर इतर कारखानेही आहेत. आमच्या अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे वस्त्रोद्योगाचे कारखाने आहेत. पण स्वतःला सूतगिरणीपुरते बांधून घेऊ नका. बेअरिंग, बेल्ट, गेअर आणि वंगण ज्याला कळते त्याला जिनिंग-प्रेसिंग, दालमिल, चंद्रपूरकडचे सिमेंट कारखाने अशा ठिकाणीही विचारता येते. जिनिंग साधारण दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत चालते आणि हंगामाआधी यंत्रांची दुरुस्ती निघते, म्हणून तिथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जाऊन भेटावे. महास्वयम आणि नॅशनल करिअर सर्व्हिस या दोन्ही सरकारी पोर्टलवर नोंदणी मोफत होते. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या मेळाव्यांची माहितीही तिथेच मिळते. कोणी नोकरी लावून देण्यासाठी अनामत मागत असेल तर तिथून उठून यावे.

बाहेर 15,000 ची नोकरी मिळाली तर खोली, खानावळ आणि दर रविवारचे जाणे-येणे वजा करून घरी किती उरते ते आधी काढा. कधी कधी तेरा हजारांची नोकरी, जिथून रोज घरी येता येते, जास्त उरवते आणि वावराकडेही लक्ष राहते.

पीएफबद्दल एकच गोष्ट जोडतो. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि तुमची सात झाली आहेत. पेन्शनचाही हिस्सा काढला तर ती सात वर्षे पुसली जातील. नव्या नोकरीत तोच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या आणि जुने खाते त्यात वर्ग करून घ्या.

प्रश्नकर्त्याचे पुन्हा: वेणाकाठचा फिटर

सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचे उत्तर पत्नीने मोठ्याने वाचून दाखवले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही दोघे बाबांजवळ बसलो. ते गोठ्यात बैलाला वैरण टाकत होते. सगळे ऐकून घेईपर्यंत त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली नाही. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कागदावर सही केली नाही ना?" नाही म्हटल्यावर आत जाऊन पीककर्जाची फाईल घेऊन आले.

अर्ज काल स्पीड पोस्टाने पाठवला असून प्रत कामगार कार्यालयात दिली आहे. सही न केलेले आम्ही पाच जण एकत्रच गेलो होतो. सही केलेल्यांपैकी एकाने आज फोन करून विचारले की आता त्याला काही करता येईल का. कामगार खाते सर, त्याच्यासाठी काही मार्ग असेल तर कृपया इथेच लिहावे, मी त्याला वाचून दाखवीन. बुटीबोरीला सोमवारी जातो आहे, आणि निदेशक सरांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज नव्याने लिहिला आहे. माझ्याकडे बारा फ्रेम होत्या.