जस्ताच्या मुठींना आपोआप तडे जातायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझं छोटं डाय कास्टिंगचं युनिट आहे, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून कपाटांच्या मुठी ओततो. झमॅक ३ हा जस्ताचा मिश्रधातू वापरतो, म्हणजे ४ टक्के ॲल्युमिनियम, तांबं जवळपास नाहीच. पावसाळ्यानंतर जुन्या लॉटच्या मुठी फुगल्या, तडे गेले. गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली ती वेगळीच!

मला संशय मालात मिसळलेल्या भंगाराचा, त्यातून शिसं आलं असावं. शिसं ०.००५ टक्क्यांच्या वर गेलं की दमट हवेत जस्त आतून पोखरतं. भाऊ म्हणतो, झमॅक ५ घे, १ टक्का तांब्याने कडक होईल. पण शिसं तसंच राहिलं तर तांबं काय करणार? जस्ताचाच दुसरा मिश्रधातू झेडए-२७ आमच्या हॉट चेंबर मशीनला (ज्यात पंप वितळलेल्या धातूतच बुडालेला असतो) चालत नाही.

बडोद्यात भरवशाची स्पेक्ट्रो टेस्ट (धातूत काय किती आहे ते सांगणारी) कुठे होते? रनरचा माल (साच्यात धातू जायच्या वाटेत गोठलेला) परत किती टक्के मिसळता?