बाळाला डाऊन सिंड्रोम आहे, आत्ता तातडीचं काय?

प्रश्न:
मुलगी दोन महिन्यांची आहे. कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा रिपोर्ट आला, ट्रायसोमी २१, म्हणजे एकविसावं गुणसूत्र एक जास्त, हाच डाऊन सिंड्रोम. दूध ओढता ओढता दमून झोपते, मग मी तळपाय चोळून जागी करते. माझा तिच्यावर फार जीव आहे. पण भेटायला येणारे तिच्याकडे न बघता माझ्याकडेच बघतात आणि ‘धीर धर’ म्हणतात. असं मूल वाढवलेल्यांनी सांगा, आधी काय करू? आणि ती मला बघून हसेल ना?

उत्तर १:
ताई, हसेल. थोडी वाट बघायला लावेल, पण हसेल.

आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि बाळ वरून छान दिसलं तरी तो असू शकतो. दूध पिताना दमते हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. माझ्या मुलाचं ऑपरेशन पहिल्या वर्षातच झालं, आता तो अकरा वर्षांचा आहे. थायरॉईड आणि डोळे वेळोवेळी तपासावे लागतात. कान तर अजिबात विसरू नका. पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं, बोलणं आणखी मागे पडतं आणि लोक म्हणतात, ‘त्याला समजतच नाही.’

‘ही मुलं कायम आनंदी असतात’ असंही तुम्हाला ऐकवतील. मला ते पटत नाही. माझा रुसतो, दार आपटतो, मोठ्या बहिणीवर जळतो. माझं डोकं दुखत असलं की न सांगता दिवा बंद करतो आणि शेजारी येऊन बसतो. शर्टाची बटणं स्वतः लावतो, खालून वर. कितीही उशीर होऊ दे, कुणी हात लावलेला खपत नाही. मला तो असाच हवा आहे, रागासकट.

उत्तर २:
मी एका मुलीचा बाबा. फिजिओथेरपी आत्ताच सुरू करा, स्नायू सैल असतात म्हणून मान, बसणं, चालणं सगळं उशिरा येतं. आमची दोन वर्षांची झाल्यावर चालली. वजन-उंचीसाठी डाऊन सिंड्रोमच्या मुलांचे वेगळे तक्ते असतात, ते डॉक्टरांकडे मागा. पण घराचा दवाखाना करू नका. व्यायाम झाला की तिला नुसतं छातीवर घेऊन पडा, त्या वेळात काही शिकवू नका.

प्रश्नकर्ती:
इकोची वेळ घेतली. दोघांचेही आभार. ताई, बटणं खालून का लावतो?

उत्तर १:
खालचं बटण त्याला दिसतं, गळ्याजवळचं दिसत नाही. ही युक्ती त्याने स्वतःच शोधली. इको झाला की इथे नक्की कळवा.