नाइट वाचायचे ते चिलखतामुळे की खंडणीमुळे?

गनिमी_बाण
"इंग्रजांचं लांब धनुष्य आलं आणि नाइट मरायला लागले" हे वाक्य मध्ययुगीन युरोपातल्या लढायांच्या गप्पांत हमखास निघतं (नाइट म्हणजे चिलखत घालून लढणारे सरदार-स्वार). मला पटत नाही. १११९ ची ब्रेमूलची लढाई घ्या: इंग्लंडचा पहिला हेन्री विरुद्ध फ्रान्सचा सहावा लुई. ऑर्डरिक व्हायटॅलिस हा मठातला बखरकार लिहितो, सुमारे ९०० नाइट लढले, मेले फक्त तीन. तेव्हा अंगावर नुसतं कड्यांचं चिलखत. पुढे १४१५ ला फ्रान्समधल्या ॲजिनकोर्टमध्ये, इंग्रजांविरुद्ध, डोक्यापासून पायापर्यंत पोलादी पत्रा, तरी फ्रेंच उमरावांचा खच पडला. चिलखत सुधारलं आणि मरणं वाढली! पकडलेल्या नाइटला खंडणी घेऊन सोडत; जिवंत नाइट म्हणजे रोख रक्कम, म्हणून तो वाचायचा.

ऐरणीवरचा
अर्धंच सांगितलंत की हो! तोच ऑर्डरिक पहिलं कारण देतो ते अंगभर लोखंडाचं. एकमेकांना सांभाळून घेतलं, मारण्यापेक्षा पकडण्यावर भर होता, हे त्यानंतर.

आणि ॲजिनकोर्टला चिलखत हरलं नाही, चिखल जिंकला. नांगरलेलं शेत, रात्रभर पाऊस, मागून रेटा. पडलेल्याला उठायला जागाच नाही. एरवी वीस-पंचवीस किलोचं ते ओझं अंगभर वाटलेलं असे, त्यात माणूस धावू शकायचा. चांगल्या छातीपत्र्यातून बाण सहसा आत जात नसे. १४२४ ला फ्रान्समधल्या व्हर्नेयला फ्रेंचांच्या बाजूच्या लोंबार्ड (उत्तर इटलीच्या) स्वारांनी घोड्यांनाही चिलखत चढवलं आणि इंग्रज तिरंदाजांची फळी फोडून पार गेले. पत्र्यावर भरवसा नसता, तर पायी लढणाऱ्या नाइटांनी ढाल टाकून दोन्ही हातांत परशू धरला असता का?

सोटेवाला
मी धागाकर्त्याच्या बाजूने. कूर्त्रे, १३०२. फ्रेंच नाइटांसमोर फ्लँडर्सचे (आजच्या बेल्जियमचा भाग) विणकर नि खाटीक, हातात लोखंडी टोकाचे जाड सोटे. कैदी घ्यायचे नाहीत, हे आधीच ठरलेलं. चिलखत तेच, खंडणीची सोय गेली, आणि नाइट शेकड्यांनी मेले. त्यांच्या टाचांच्या सोनेरी आरा विजेत्यांनी चर्चमध्ये टांगल्या.

ऐरणीवरचा
कूर्त्रेला ओढे-खंदक होते, घोडे अडकले. पुन्हा जमीनच! इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, त्याचं काय म्हणता? बॉसवर्थच्या लढाईत मेला, १४८५. २०१२ मध्ये लेस्टरच्या पार्किंगखाली सांगाडा सापडला. कवटीवर जखमाच जखमा, हातांवर बचावाची एकही नाही. म्हणजे शिरस्त्राण गेलं होतं, बाकी चिलखत अंगावर होतं. जिथे लोखंड नव्हतं तिथेच घाव बसले.

गनिमी_बाण
रिचर्डचा मुद्दा मान्य, पण तो माझ्याच पथ्यावर पडतो. गादीसाठी लढणाऱ्या राजाला खंडणी घेऊन सोडणार कोण? ॲजिनकोर्टलाही इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने भर लढाईत कैदी कापायचा हुकूम दिला. ज्यांना ठेवलं त्यांतला ऑर्लिअन्सचा ड्यूक चार्ल्स पंचवीस वर्षं इंग्लंडात अडकला, पण जिवंत परतला. कापलेल्यांच्या अंगावरचं पोलाद काही हलकं नव्हतं.

ऐरणीवरचा
कापायच्या आधी हाती जिवंत लागले, ते कशामुळे?