नागपूर, 1918: वाढलेला मृत्यूदर युद्धाचा की मानमोडीचा?

महालकर: पणजोबांच्या टिपणवहीवरून पहिल्या महायुद्धाच्या काळातील नागपूर शहराचे जन्ममृत्यूचे दर मी जुळवीत आहे. 1918 मध्ये मृत्यूदर एकदम चढलेला आणि 1919 मध्ये जन्मदर उतरलेला दिसतो. लढाई हजारो मैल दूर चालली असताना हा परिणाम युद्धाचा मानावा का?

जुनी शिरगणती: महालकर, तो दर कोणत्या लोकसंख्येने भागून काढला आहे, हे आधी तपासावे. त्या काळी पुढची जनगणना होईपर्यंत मागचाच आकडा धरण्याची पद्धत होती. नागपूरची लोकसंख्या 1901 मध्ये 1,27,734, 1911 मध्ये 1,01,415 आणि 1921 मध्ये 1,45,193 भरली. मधला खड्डा प्लेगच्या धास्तीने शहराबाहेर झोपड्या घालून राहिलेल्यांचा असावा, असे माझे मत आहे. तसे असेल तर युद्धाच्या वर्षांतील जन्माचे आणि मृत्यूचे, दोन्ही दर फुगलेले आहेत. समजा, वर्षाला 5,000 मृत्यू झाले, तर 1911 च्या आकड्यावर ते हजारी 49 येतात, 1921 च्या आकड्यावर हजारी 34. त्यापेक्षा शंभर जन्मांमागे किती मृत्यू झाले ते काढावे, म्हणजे लोकसंख्येची भानगडच उरत नाही.

मेडिकल चौक: गणित मान्य आहे, पण 1918 ची उडी केवळ गणिताची नव्हे. जूनमध्ये मुंबईत शिरलेली इन्फ्लुएन्झाची साथ, म्हणजे आपल्या आज्या जिला मानमोडी म्हणत ती, पावसाळ्याच्या अखेरीस दुसऱ्यांदा आणि फार जीवघेणी होऊन उसळली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता आणि युद्धामुळे धान्याचे भाव आधीच चढलेले होते. या साथीने विशेषतः वीस ते चाळीस वयाची माणसे नेली, त्यांतही बायका अधिक. ऑक्टोबरच्या सुमारास ज्या गर्भधारणा व्हायच्या राहिल्या, त्यांची तूट पुढल्या जुलैच्या आसपास दिसणार. वहीत महिनावार रकाने असतील, तर वर्षाच्या बेरजेपेक्षा तेच पाहावेत. युद्धाचा हात त्यात आहे, पण तो सैनिकांच्या जहाजांतून आणि बाजारभावांतून आलेला.

बर्डीवाली: एक भर घालते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे शहरातील सुनांची कित्येक मुले खेड्यांच्या नोंदीत गेली, आणि खेड्यांतून मेयो रुग्णालयात आणलेले रुग्ण दगावले की त्यांचे मृत्यू शहराच्या नावावर चढले. त्यामुळे ‘शंभर जन्मांमागे मृत्यू’ हे मापही शहराला थोडे वाईटच दाखवील.