मदत हवी आहे: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन अकरा महिने झाले, पहिली नोकरी लागत नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या सिस्टर लोकांनी कृपया सांगा

नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते, वय २३. तीन वर्षांचा जीएनएम कोर्स केला, फर्स्ट क्लास मिळाला. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात येऊन अकरा महिने झालेत. जरा सविस्तर लिहिते, कारण ‘होईल गं सगळं नीट’ हे ऐकून ऐकून आता रडू येतं.

बाबा तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत. मूळ गाव पाटणकडं. पोती वाहून त्यांच्या उजव्या खांद्यावर घट्टा पडलाय, हात लावला तर कातडं लागतं, कातडी नाही. माझी तीन वर्षांची फी त्या खांद्यानं भरली. ते माळकरी आहेत. मी मुलाखतीला निघाले की माझी फाइल दोन्ही हातांनी घेतात, कपाळाला लावतात आणि मगच देतात. पहाटे कामाला जायचं असलं तर रात्रीच देवापाशी ठेवून जातात. असं आजवर सतरा वेळा झालं.

वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, ऐरोली, ठाण्यात नौपाडा आणि घोडबंदर रोड. सगळीकडं पहिला प्रश्न एकच, अनुभव किती? फ्रेशर घेत नाही, सहा महिने कुठंतरी करून ये. ते ‘कुठंतरी’ कुठं आहे, हेच मला कुणी सांगत नाही. दोन-तीन ठिकाणी बीएस्सीच हवी म्हणाले. बाकीच्यांनी सीव्ही ठेवून घेतला.

घोडबंदरची मुलाखत मात्र माझ्याच चुकीनं गेली. मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, पाचशे एमएल सलाईन चार तासांत द्यायचंय, मॅक्रो सेट आहे, मिनिटाला थेंब किती? मला येतं हे. मॅक्रो सेटला एका एमएलचे वीस थेंब, म्हणून पाचशे गुणिले वीस, भागिले दोनशे चाळीस मिनिटं, बेचाळीसच्या आसपास. तोंडातून एकवीस गेलं. आठ तास धरले होते मी. बाहेर बसस्टॉपवर बसून फाइलच्या मागं गणित मांडलं, बरोबर आलं, आणि मग हात थरथरायला लागले. त्या दिवशी एकादशी होती, सकाळपासून पोटात फक्त पाणी होतं. घरी हे सांगितलेलं नाही.

मला हे काम येतं हो. इंटर्नशिपला मुलांच्या वॉर्डात एका तान्ह्याला लाइन लावायची होती, म्हणजे शिरेत सलाईनची बारीक नळी, कॅन्युला. सिस्टरांनी हात धरून दिला, तो हात माझ्या दोन बोटांएवढा. पिवळा कॅन्युला. चेंबरमध्ये रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा मी श्वास सोडला. बाळ रडतच होतं, पण त्याची आई रडायची थांबली. ते आठवलं की वाटतं, मी दुसरं काहीच करू शकणार नाही.

आता समोर दोन वाटा आहेत. घराजवळ पंधरा खाटांचं नर्सिंग होम आहे. बारा तास ड्युटी, नऊ हजार पगार, नियुक्तीपत्र नाही, दोन वर्षांचा बाँड आणि मूळ सर्टिफिकेटं त्यांच्याकडं जमा करायची. दुसरी वाट घरी नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोची. ऐरोलीत पक्षाघात झालेल्या एका आजींना घरी सांभाळायचं, महिना अठरा हजार रोख. एका एजंटनं पंचवीस हजार दे, मोठ्या हॉस्पिटलात लावतो असंही सांगितलं होतं, पण आईनं त्याला दारातूनच परत पाठवलं.

यातलं काय धरू? की दोन्ही सोडून सरकारी भरतीचा अभ्यास करत बसू? मधल्या अकरा महिन्यांचं सीव्हीत काय लिहू?

अजून एक. मी देव मानते, मनापासून. म्हणून ‘देवावर विसंबू नकोस’ असं कृपया लिहू नका. आई म्हणते, ‘इठोबानं तुझं काम ठरवलंय, तू दार वाजवायचं सोडू नगंस.’ मी वाजवतेय. फक्त त्याच्याकडं नोकरी मागायची की नुसती हिंमत, हे मला कळेनासं झालंय.

प्रतिसाद १

बाळा, मी कळव्याला २२ वर्षं सिस्टर आहे. आधी एक ऐक, मूळ कागद कुणाच्याही ताब्यात द्यायचे नाहीत. दाखवायचे, झेरॉक्सवर सही करून द्यायची, मूळ परत पिशवीत. उद्या सरकारी भरतीची कागदपत्र तपासणी लागली तर कुणाच्या पाया पडणार आहेस?

पगाराचंही सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं जी समिती नेमली, तिनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिना २०,००० पेक्षा कमी नको, अशी शिफारस केलीय. सगळे देत नाहीत, मला माहीत आहे. पण नऊ हजार ऐकून मान हलवण्याआधी हा आकडा तुला ठाऊक असू दे.

घरी पेशंट सांभाळणं हलकं काम नाही. पण मोठी हॉस्पिटलं तो अनुभव वॉर्डातला म्हणून धरत नाहीत. घ्यायचंच तर दोन-तीन महिने घे, आणि त्या पैशातून बीएलएस कर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटचा जीव वाचवायचं प्रशिक्षण. एका दिवसाचा कोर्स असतो, कार्ड दोन वर्षं चालतं. आणि एचआरच्या खिडकीवर सीव्ही देऊन परत फिरू नकोस. सकाळचा राउंड आटोपला की अकराच्या सुमाराला मेट्रनला भेटायचं म्हणून सांग. नाही म्हणाल्या तर पुढच्या महिन्यात परत जा. नाइटला माणूस कमी पडला की त्यांना समोर दिसलेला चेहरा आठवतो.

आणि उपाशी पोटी मुलाखतीला जायचं नाही. एकादशीला दूध, केळं, खजूर चालतं. तुझ्या बाबांनाच विचार, ते काय सांगतात बघ.

प्रतिसाद २

मी ठाण्यात आयसीयूत ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे. ताईंच्या बाकी सगळ्याशी सहमत, पण छोट्या नर्सिंग होमला सरसकट नाही म्हणू नये. मी अठरा खाटांच्या ठिकाणी सुरुवात केली. डिलिव्हरीपासून ड्रेसिंगपर्यंत सगळं हातून गेलं, मोठ्या ठिकाणी पहिलं वर्ष नुसतं चार्ट लिहिण्यात गेलं असतं. बाँड आणि कागद जमा करायची अट काढत असतील, अनुभवाचं पत्र लेटरहेडवर देत असतील, तर विचार कर. नाहीतर नको.

मुलाखतीत आम्ही हमखास विचारतो ते सांगतो. औषध देण्याआधीचे पाच राइट्स, म्हणजे योग्य पेशंट, औषध, डोस, मार्ग आणि वेळ. पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेतून पुश करायचं नाही, डायल्यूट करून हळूच. जीसीएस, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे त्याचा स्कोअर, कमीत कमी तीन, शून्य नाही, इथं फ्रेशर हटकून चुकतात. सीपीआर तीस दाबांना दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाब. गणित विचारलं तर मोठ्यानं बोलत सोडव. उत्तर चुकलं तरी रीत कळते. अकरा महिन्यांचं खरं तेच लिही. नोकरी शोधत होते, यात लपवण्यासारखं काही नाही.

प्रतिसाद ३

मी ख्रिस्ती आहे, वसईची, आता नेरूळला स्टाफ नर्स. मला आठ महिने लागले होते. तू विचारलंस म्हणून सांगते, मी नोकरीच मागितली होती. हॉस्पिटलचं नाव घेऊन, वॉर्ड सांगून. लेकरानं बापाकडं मागताना आडून कशाला मागायचं? आज रात्रीच्या प्रार्थनेत तुझी आठवण काढते.

धागाकर्ती, पाच आठवड्यांनी

सगळ्यांना नमस्कार. नर्सिंग होमला मी कागद जमा करणार नाही म्हणून सांगितलं, त्यांनी नको म्हटलं. आजींकडं महिनाभर गेले, बीएलएस केलं. मग ऐरोलीच्या ज्या चाळीस खाटांच्या हॉस्पिटलातून दोनदा परत आले होते, तिथं तिसऱ्यांदा गेले. अकरा वाजता, पोटभर खाऊन. आदल्या रात्री देवापुढं त्या हॉस्पिटलचं नाव घेऊन मागितलं, नेरूळच्या ताई.

मेट्रन मॅडम म्हणाल्या, ‘तू परत आलीस?’ मी हो म्हटलं. त्यांनी थेंबांचंच गणित घातलं, तीनशे एमएल सहा तासांत, मायक्रो सेट, म्हणजे एमएलला साठ थेंब. मी मोठ्यानं बोलत सोडवलं, पन्नास. मग त्या मला वॉर्डात घेऊन गेल्या आणि एका काकांना लाइन लावायला सांगितली. गुलाबी कॅन्युला, पहिल्याच टोचणीत लागला.

सतरा हजार, तीन महिन्यांनी वाढ, आणि हे सगळं नियुक्तीपत्रात लिहून दिलंय. वीसपेक्षा कमी आहे, माहीत आहे मला. बाबा मार्केटातून आले तेव्हा अंगभर कांद्याची सालं होती. पत्र पुढं केलं तर घेईनात. आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, मग घेतलं.

सोमवारपासून नाइट आहे, आठ ते आठ. कळव्याच्या ताई, पहिल्या नाइटला डबा किती वाजता खायचा?

प्रतिसाद १

एकच्या आत खाऊन घे, नंतर वेळ मिळत नाही. भाकरी ने, भात नको, झोप येते. पहाटे चारला डोळे जड होतात तेव्हा बसायचं नाही, सगळ्या सलाइनी बघत एक फेरी मारायची. आणि सकाळी हँडओव्हर देताना घाई करू नकोस, आठची लोकल गेली तर जाऊ दे.