१८२२ पण मोजा की

ग्रीसमधल्या नवारिनोच्या उपसागरात १८२७ मध्ये इंग्रज-फ्रेंच-रशियन आरमार आलं म्हणून ऑटोमन तुर्कांविरुद्ध बंड केलेले ग्रीक सुटले, असं म्हणतात. आरमाराचं महत्त्व आहेच, पण १८२२ मध्ये कोण आलं होतं मदतीला? तुर्की सेनापती द्रामाली पाशा वीसेक हजार फौज घेऊन दक्षिण ग्रीसमध्ये पार आर्गोस शहरापर्यंत घुसला होता, ग्रीक सेनानी कोलोकोत्रोनिसने आधीच पिकं जाळायला लावली, दुसरा ग्रीक नेता इप्सिलांतिस मूठभर माणसं घेऊन आर्गोसचा किल्ला अडवून बसला, आणि भर उन्हाळ्यात उपाशी-तहानलेली तुर्की फौज कोरिंथकडे मागे फिरली तेव्हा देर्वेनाकियाच्या खिंडीत तिला गाठून अक्षरशः कापून काढली. हे हुकलं असतं तर नवारिनोपर्यंत बंड टिकलंच नसतं. खिओस बेटावर तुर्कांनी केलेली ग्रीकांची भयंकर कत्तल याच वर्षातली, आणि ग्रीक खलाशी कानारिसने पेटतं जहाज भिडवून तुर्की आरमारप्रमुख कारा अलीचं मुख्य जहाज उडवलं तेही त्याच वर्षी जूनमध्ये.